ह्यांचा डावा हात

२२ ऑक्टोबर १९६७
बर दुबई

ही वही आमच्या लेकीच्या, साजिदाच्या शाळेची. पहिल्या पानावर ए बी सी काढून तिने टाकून दिली, मी उचलून ठेवली. मराठीत लिहिते आहे, कारण दाभोळला मी मराठी शाळेत शिकले. ह्यांचं शिक्षण उर्दूत. वही उघडी राहिली तरी घरात कुणाला काही कळणार नाही.

लिहायचं कारण एकच, मला भीती वाटते आणि ती सांगायला इथे कुणी नाही. शेजारी बाणकोटच्या हव्वाबी आहेत, पण त्यांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडे देऱ्यात पोचतं.

आमचे हे, मोहिद्दीन, अमेरिकन तेल कंपनीच्या बेसबॉल टीमचे पिचर आहेत. गावात हे सांगितलं की लोक हसतात. खेळायचा पगार कुणी देतं का? पण देतात. ह्यांच्या नोकरीत दुसरं कामच नाही. पोरवयात हे दम्मामला अमेरिकन कॅम्पात मेसची भांडी घासायला गेले होते. एकदा मैदानाबाहेर आलेला चेंडू ह्यांनी डाव्या हाताने उचलून परत फेकला, तेव्हा बॅट घेऊन उभा असलेला गोरा म्हणे बॅट खाली ठेवून बघतच राहिला. तेव्हापासून भांडी सुटली. आधी दम्माम, मग बहारिन, आता इथे. सगळे ह्यांना लेफ्टी म्हणतात. साजिदाला वाटतं ते तिच्या अब्बांचं दुसरं नाव आहे.

खेळ मला थोडासा कळतो. क्रिकेटसारखा, पण चेंडूला टप्पा नाही. पिचर मातीच्या उंचवट्यावरून सरळ फेकतो आणि बॅटवाल्याला तीनदा चुकवलं की तो बाद. बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलतो तो कॅचर. आमचा कॅचर खैरुद्दीन, म्हसळ्याचा, एरवी कंपनीची गाडी चालवतो. दोघांची जोडी जुनी आहे.

सासूबाई मैमुनाबींना ह्यांच्या डाव्या हाताचा फार राग. लहानपणी जेवायला बसले की त्या ओढणीच्या टोकाने तो हात पाठीशी बांधायच्या. अजूनही म्हणतात, अल्लाने उजवा दिलाय तो कशासाठी?

आज खैरुद्दीन बोलता बोलता सांगून गेला की ह्यांच्या आधी एक लेबनानी पिचर होता. त्याचा खांदा गेला. टीम सांभाळणाऱ्या हॉलिससाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, फोटो काढला आणि पुढच्या बोटीत बसवून दिलं. हे ऐकताना हे हसत होते. मी मात्र भाकरी करपवली.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

आज मॅच जिंकली. मी जात नाही. तो चेंडू दगडासारखा असतो, कुणाच्या डोक्यात बसला तर, असं वाटत राहतं.

खैरुद्दीन ह्यांना सोडायला आला होता. चहा घेताना त्याने आपला तळहात मला दाखवला. "बघा भाभी, कसा मऊ झालाय. पूर्वी लेफ्टीची मॅच झाली की दोन दिवस स्टिअरिंग धरवायचं नाही. ग्लोव्हमधूनसुद्धा हात सुजायचा. आता काही नाही."

मी म्हटलं, "चला, तुमचे हाल तरी संपले."

तो हसला नाही. हे म्हणाले, "खैरू, चहा पी आणि जा. गाडी जमा करायची असेल तुला."

इतकं तोडून हे कधी बोलत नाहीत. दमले असतील.

२१ नोव्हेंबर

आज आनंदाची गोष्ट लिहिते. ह्यांनी चहाचा कप उजव्या हाताने घेतला. मी बघतेय हे बघून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आठवडाभर माझ्या लक्षात येतंय. दार उजव्या हाताने उघडतात, साजिदाची वेणी ओढतात तीही उजव्याने. कंगवासुद्धा. भांग वाकडा पडतो, पण चालवतात.

रमजान जवळ आला म्हणून असेल. सासूबाईंनी इतकी वर्षं दुवा मागितली, ती कबूल झाली. पुढच्या वेळी कुणी गावी जाणार असेल त्याच्याकडे निरोप देईन. म्हातारी रडेल आनंदाने.

४ डिसेंबर

रोजे सुरू झाले. थंडी पडलीय. इथल्या थंडीत समुद्राचा वारा ओला असतो, कपडे वाळत नाहीत.

पहाटे सहेरीला, रोज्याआधीचं खाणं करायला उठले तर हे माझ्या आधी उठून स्टोव्हपाशी बसलेले. स्टोव्ह पेटवून डावा हात ज्योतीवर धरला होता. इतका जवळ की मनगटावरचे केस जळल्याचा वास येत होता.

"अहो, भाजेल!"

ह्यांनी हात मागे घेतला. "पिचरला हात गरम ठेवावा लागतो, जहान. नियम आहे तो."

"इतकी वर्षं नव्हता हा नियम?"

"इतकी वर्षं थंडी नव्हती."

थंडी तर बहारिनलाही होती असं हेच सांगायचे. पण सहेरीची वेळ निघून चालली होती, मी विषय सोडला.

दुपारी साजिदा म्हणाली, "अम्मा, अब्बाज हँड इज लाइक फिश." शाळेत गेल्यापासून ती असंच बोलते. मी म्हटलं, मराठीत सांग. तर म्हणे, अब्बांचा डावा हात बर्फातल्या सुरमईसारखा आहे, उजवा तसा नाही. मी तिला दटावलं. बापाच्या हाताला कुणी मच्छी म्हणतं का?

१५ डिसेंबर, शुक्रवार

हे लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

आज इफ्तार देऱ्याला हव्वाबींच्या लेकीकडे होतं. लेक बिलकीसने फार आग्रह केला होता. परत येताना आम्ही सगळे अब्र्यात, खाडी ओलांडायच्या होडीत बसलो. खाडी शांत होती, होडी हललीसुद्धा नाही. आमच्या काठाला लागल्यावर हे उठले आणि फळीवर पाय ठेवायच्या ऐवजी शेजारी, पाण्यात ठेवायला गेले. नावाड्याने दंड धरला म्हणून वाचले. वर आल्यावर भिंतीला धरून उभे राहिले. साजिदा त्यांच्यासमोर उभी होती, तर हे तिच्या बाजूला, मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले, "दोघी दोघी का उभ्या आहात?"

काठावरची माणसं हसली. कुणीतरी हिंदीत म्हणालं, "लेफ्टीसाब आज टाइट है." रमजानच्या महिन्यात! मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरापर्यंत येईतो हे ठीक झाले. रोज्याने चक्कर आली म्हणाले. पण चक्कर आलेल्या माणसाला एकाची दोन माणसं दिसतात का? अमेरिकन लोकांच्या कॅम्पात बाटल्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी प्रॅक्टिसला हे तिथेच होते.

या अल्ला, हे तर नको होतं. माझ्या मामूंना मी असंच भिंती धरून येताना बघितलंय, आणि मामींचं पुढे काय झालं तेही बघितलंय.

१६ डिसेंबर

हव्वाबींना न सांगताच कळलं. काल त्या होडीतच तर होत्या. आज असरच्या नमाजानंतर हे आडवे झाले होते, तर त्या तसबीहची माळ शोधायच्या निमित्ताने आत आल्या आणि ह्यांच्या तोंडाजवळ वाकून वास घेऊन बाहेर आल्या.

"अगो, वास तर काय नाय."

मला इतकं बरं वाटलं. पण त्या पुढे म्हणाल्या, "काय काय दारूंना वास नसतो म्हणतात. गोऱ्यांकडे असतात तसल्या."

२० डिसेंबर

शेवटी विचारलं. रोजा सोडून, नमाज पढून हे बसले होते. साजिदा हव्वाबींकडे. सकाळी ह्यांच्या हातून काचेचा जग पडून फुटला होता आणि तो उचलताना हे माझ्यावरच ओरडले होते.

मी म्हटलं, "मला खरं सांगा. तुम्ही कॅम्पात पिता का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हात उगारतील. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग कुणीतरी खांद्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसे हे मागे टेकले. मला ते अजून समजत नाही.

"हो," म्हणाले. "घेतो थोडी."

"रमजानमध्ये?"

"हो."

"का?"

"सगळे घेतात, जहान. थंडी असते."

मी रडले नाही. आतून कुराण आणलं आणि म्हटलं, हात ठेवा, यापुढे एक थेंब घेणार नाही म्हणा. मला वाटलं टाळाटाळ करतील. ह्यांनी लगेच उजवा हात ठेवला आणि स्वच्छ आवाजात शपथ घेतली. बेवडा माणूस इतक्या सहज शपथ घेतो? मामू किती रडायचे, पाया पडायचे, पण कुराणाला हात लावायला घाबरायचे. म्हणजे ह्यांना अल्लाचीही भीती राहिली नाही. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

वेगळं अंथरूण घातलंय. 

२ जानेवारी १९६८

ईद झाली. हॉलिससाहेब खजुरांचा डबा घेऊन आले होते. उंच, लाल मानेचे, खुर्चीत मावत नाहीत. बूट बाहेर काढून आले, हे मला आवडलं. मी पडद्यामागे होते, खैरुद्दीन मधेमधे अर्थ सांगत होता. महिनाअखेर अबूधाबीकडच्या बेटावरच्या कंपनीची टीम येणार आहे. गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला वाईट हरवलं. ह्यावेळी मोठे मोठे साहेब विमानाने बघायला येणार. आणि ह्यांनी चांगला खेळ केला तर हॉलिससाहेब ह्यांना अमेरिकेला, तिकडच्या खऱ्याखुऱ्या टीमला दाखवायला नेणार.

"लेफ्टी, हाउ इज द आर्म?" एवढं मला थेट कळलं.

"फर्स्ट क्लास, बॉस." ह्यांचा डावा हात पूर्ण वेळ सदऱ्याच्या खिशात होता.

साहेब गेल्यावर मी दोन आठवड्यांनी पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हटलं, "अमेरिकेत तर बाटल्या रस्त्यावर मिळतात. मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

हे म्हणाले, "दाभोळला मी कोण आहे सांग. जेटीवर उभा राहिलो तर कुणी विचारतं का? इथे मी मैदानात आलो की लोक उठून उभे राहतात. मला एवढी एक मॅच दे. मग तू म्हणशील तसं."

ह्यांचे डोळे ओले होते. दारूचं दुखणं असं असतं का? मला काही कळत नाही.

१८ जानेवारी

बारीक झालेत. डाव्या हाताची बोटं पांढरी, नखांखाली जांभळी. मी विचारलं तर म्हणाले, चेंडूच्या शिवणीने घासतात. पलीकडच्या वळचणीला खैरुद्दीन आणि हे हळू आवाजात भांडत होते. मला एवढंच ऐकू आलं. खैरुद्दीन म्हणाला, "मी सांगून टाकीन." आणि हे म्हणाले, "सांगितलंस तर तुझा माझा संबंध संपला."

खैरुद्दीनलाही दारूचं माहीत आहे, म्हणजे नक्कीच आहे.

२७ जानेवारी

कालचं लिहायचं आहे. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसलेय, साजिदा हव्वाबींकडे आहे. लिहिलं नाही तर वेड लागेल.

मी मॅचला जाणार नव्हते. पण घरच्यांनाही बोलावलं होतं, आणि साजिदा हट्टाला पेटली. खैरुद्दीनने आम्हाला जुमेराच्या पलीकडे मैदानावर नेलं आणि लँडरोव्हरमध्ये बसवलं. मैदान म्हणजे दाबलेली वाळू, त्यावर काळ्या तेलाच्या रेघा. मडमा छत्र्या घेऊन बसलेल्या. लाँचवरचे, दुकानांमधले आपले कितीतरी लोक आले होते. हे मैदानात आले तेव्हा खरंच सगळे उभे राहिले.

मी ह्यांना फेकताना पहिल्यांदाच बघितलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा. उजवा पाय वर घेतात, क्षणभर थांबतात, सगळं अंग मागे जातं आणि मग तो हात असा येतो की चेंडू दिसतच नाही, फक्त खैरुद्दीनच्या ग्लोव्हचा आवाज येतो. पहिले तिन्ही गडी बाद झाले. मी घाबरायचं विसरले. मला वाटलं, ज्या हाताला सासूबाई बांधून ठेवत होत्या तो हा.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. चेंडू इकडे तिकडे जायला लागले. एक जमिनीवर आपटला. एक बॅटवाल्याच्या कानावरून गेला, तो वाळूत पडला आणि उठून शिव्या द्यायला लागला. हे फेकल्यावर दरवेळी आपल्या बोटांकडे बघत होते, हात गेला कुठे असं बघावं तसे. मी मनात म्हटलं, प्यायलेत.

मग एका बॅटवाल्याने चेंडू उचलला, निरखला आणि पंचाला दाखवला. पंचाने तो बाजूला टाकून नवा दिला. ह्यांनी तोही फेकला. खैरुद्दीनने झेलला आणि परत फेकलाच नाही. तोंडावरची जाळी वर करून तो ह्यांच्याकडे चालत गेला.

"अम्मा," साजिदा म्हणाली, "अब्बाज पँट इज रेड."

ह्यांच्या बोटाचं टोक शिवणीने फाटलं होतं. रक्त पँटवर, बुटावर, वाळूवर गळत होतं. आणि हे शांतपणे खैरुद्दीनच्या खांद्यावरून पुढच्या बॅटवाल्याकडे बघत होते. ह्यांना माहीतच नव्हतं.

हे कसे आहेत ते मला ठाऊक आहे. पायात कुसळ गेलं तर सगळा मोहल्ला गोळा करतात. भाजी चिरताना ओरखडा आला तर दिवसभर मला दाखवतात. हा माणूस रक्त गळत असताना उभा होता.

मी दार उघडून खाली उतरले. कुणीतरी मागून हाक मारली. बुरख्याचं टोक वाऱ्याने उडत होतं, इतक्या पुरुषांसमोर मी आयुष्यात कधी चालले नव्हते.  हॉलिससाहेब आधीच तिथे पोचले होते, एक बोट वर करून म्हणत होते, "वन मोर, लेफ्टी. जस्ट वन मोर."

हे माझ्यावर खेकसले, "जहान, मागे जा. लोक बघतायत."

मी ह्यांचा हात धरला. भर दुपारी, उन्हात, इतकं फेकून झाल्यावर तो हात थंड होता. थंड म्हणजे मयताला आंघोळ घालताना लागतो तसा. साजिदाने मला सांगितलं होतं आणि मी तिला दटावलं होतं. मी ह्यांच्या तर्जनीत माझं नख रुतवलं, जितक्या जोरात रुतवता येईल तितकं.

"दुखतंय?"

"काय?"

"दुखतंय का तुम्हाला?"

"नाही. तू आधी जा इथून."

"मी नख रुतवलंय," मी म्हटलं. "खाली बघा."

हे खाली बघायला लागले. मग माझ्याकडे. ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी एकदाच बघितलं होतं, दारूचं विचारलं त्या दिवशी. फक्त आता ते उलटं होतं. ओझं परत खांद्यावर आलं होतं.

मला त्या क्षणी सगळं कळलं. कप, दार, कंगवा, स्टोव्ह. आणि ती शपथ.

मी हॉलिससाहेबांना म्हटलं, "खलास. नो वन मोर. खलास." मला दुसरी इंग्रजी येत नव्हती. साहेब आधी चिडले. मग त्यांनी ह्यांची बोटं आपल्या हातात घेतली, आणि त्यांची लाल मान पांढरी पडली. पुढे ते ओरडले ते फक्त गाडीसाठी. "खैरू! कार! यल्ला, यल्ला!"

२८ जानेवारी

डॉक्टर मद्रासकडचे आहेत, हिंदी सावकाश बोलतात. त्यांनी ह्यांच्या उजव्या मनगटावर माझी बोटं ठेवली, तिथे नाडी उडत होती. मग डाव्या मनगटावर ठेवली. तिथे काही नव्हतं. मी दाबून बघितलं, बोटं हलवून बघितली. काहीच नाही.

ते म्हणाले, खांद्यापाशी रक्ताची मोठी नळी असते. वर्षानुवर्षं हात तसा फिरवून ती हाडाखाली चेंगरली, फुगली, आत रक्त साकळलं. त्याच्या गुठळ्या सुटून बोटांत जातात. "डोकं फिरणं, एकाचे दोन दिसणं, असं काही झालं होतं का?"

"अब्र्यात," मी म्हटलं.

"एक गुठळी डोक्याकडे गेली असणार. नशीब समजा. आणखी थोडा वेळ हा फेकत राहिला असता तर मला ह्या खाटेवर काय मिळालं असतं सांगता येत नाही."

इथे हे ऑपरेशन होत नाही. मुंबईला न्यायचं. हॉलिससाहेबांनी विमानाची सोय केलीय. ऑपरेशननंतर फेकणं कायमचं बंद.

हे ऐकल्यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, "मला खोटं का सांगितलंत? बेवडे म्हणवून घेतलंत स्वतःला."

ह्यांनी भिंतीवरून नजर काढली नाही. मग म्हणाले, "बेवड्याला बोटीत बसवून परत पाठवत नाहीत. हात गेलेल्याला पाठवतात."

त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत.

१ फेब्रुवारी
मुंबई

ऑपरेशन काल झालं. सकाळी आत नेलं, जोहरची अजान झाली, असरची झाली, दार उघडेना. रशीदाफुपी माझ्याबरोबर होत्या, ह्यांच्या आत्या. त्या ग्रँट रोडला राहतात. त्या कुराणातलं यासीन पढत होत्या आणि मला एक आयत आठवत नव्हती.

सर्जनने पायातली शीर काढून खांद्यात जोडली. पायातली शीर हातात! मी विचारलं, चालेल का? ते म्हणाले, बघू. मधल्या बोटाचं टोक काळं पडलंय, ते काढावं लागेल. बाकीच्यांचं सांगता येत नाही. संपूर्ण हाताचंही आज सांगता येत नाही.

हे शुद्धीत आलेत. रशीदाफुपींशी बोलतात, नर्सशी बोलतात. मी जवळ गेले की डोळे मिटतात.

९ फेब्रुवारी

मधल्या बोटाचं टोक काढलं. हे ओरडले नाहीत. तेच तर वाईट आहे. डॉक्टर रोज टाचणी टोचून विचारतात आणि हे रोज मान हलवतात. हात कोमट झालाय, पण जाग नाही. डॉक्टर म्हणतात, नसा उपाशी राहिल्या होत्या, वेळ लागेल, किंवा येणारही नाही.

खैरुद्दीनचा निरोप एका लाँचवाल्याबरोबर आला. टीमला नवा पिचर मिळालाय, टेक्सासचा, उजवा. हॉलिससाहेबांनी सांगितलंय, लेफ्टीला स्टोअरमध्ये जागा आहे, कधीही यावं. मी हे ह्यांच्या खाटेपाशी उभं राहून मोठ्याने सांगितलं. ह्यांनी पांघरूण डोक्यावर घेतलं.

मला वाटतं मी भर मैदानात ह्यांचा हात धरला, ते हे मला कधीच माफ करणार नाहीत. रागाने निघून जातील, तलाक देतील, किंवा राहतील आणि असेच गप्प बसतील. तीनही गोष्टींची भीती वाटते. पण पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा उतरेन. हे लिहून ठेवते.

२ मार्च

हॉस्पिटलमधून ग्रँट रोडला आणलंय. साजिदाला हव्वाबींच्या ओळखीच्या बाईंनी आणून सोडलं. ती धावत आली आणि सरळ डावा हात धरला. "नॉट फिश," म्हणाली. हे हसले, पण तिच्याकडे बघून. माझ्याकडे नाही.

१४ मार्च

आज सकाळी ह्यांनी मला हाक मारली. "जहान."

मी चुलीपाशी होते. मला वाटलं भास झाला. दीड महिन्यात हे नाव ऐकलं नव्हतं.

"नखं वाढलीत," म्हणाले. "मला जमत नाही."

मी कात्री घेतली, पाट घेतला, ह्यांच्यासमोर बसले. हात माझ्या मांडीवर ठेवला. फक्त हात दिला, चेहरा खिडकीकडे. त्या हाताचा मला अजून धाक वाटतो. आखूड झालेलं मधलं बोट, खांद्यापर्यंत गेलेली शिवण. अंगठ्याचं नख कापलं. तर्जनीचं घेतलं. वाढून आत वळलेलं होतं, कात्री बोथट, रशीदाफुपींची विड्याची पानं कातरायची. माझे डोळे भरले होते, नीट दिसत नव्हतं. कात्री जरा खोल गेली.

"आई गं!"

हात माझ्या मांडीवरून झटकन ओढला गेला. हे बोट तोंडात घालून माझ्याकडे रागाने बघत होते. "मारतेस काय मला? बघ, रक्त काढलंस! बघ!"

मी बघितलं. एक थेंब होता, मोहरीएवढा.

"दुखलं?" मी विचारलं. 

"दुखलं म्हणजे? कळ थेट कोपरापर्यंत..."

आणि हे थांबले. तोंडातून बोट काढलं. स्वतःच ते नखाने दाबलं, चेहरा वाकडा केला, पुन्हा दाबलं. आतल्या खोलीतून रशीदाफुपी विचारत होत्या, काय झालं, कोण ओरडलं?  हे हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही.

मग ह्यांनी हात पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला. "हळू काप," म्हणाले. "माणसाचा हात आहे."

उरलेली नखं मी फार भीत भीत कापली.